आत्ताचं

माझे वडील, हसुराम तांडेल,
भाऊच्या धक्क्यावरून पाण्याचा बार्ज न्यायचे.
तीनशे टन गोडं पाणी
खाऱ्या पाण्यावरून,
बाहेर नांगर टाकून ताटकळलेल्या जहाजांना.
जहाजं कुणाकुणाची असत,
पण घरी गोष्ट यायची ती ग्रीकांचीच.
कठड्यावरून अर्धे खाली वाकून
ओरडायचे म्हणे खलाशी:
नेरो! नेरो!

“नीर म्हनतात ते, नीर!”
जाळी शिवणाऱ्यांना, बर्फवाल्याला,
पोस्टमनला थांबवून सांगायचे बाबा.
“आपलाच शब्द हाय. कधीतरी इथूनच भरून नेला असंल.”
आणि स्वतःच हसायचे,
बार्जची पावती फाडल्यासारखा हात करून.

मी महापालिकेच्या प्रयोगशाळेत.
रोज बाटल्या येतात, गल्ल्यांची नावं चिकटवून:
म्हातारपाखाडी, डोंगरी, घोडपदेव.
क्लोरीन बघते, गढूळपणा बघते, सही करते.
एका दुपारी काचेची भांडी सुकेपर्यंत
बाबांचा शब्दही तपासायला घेतला.

नमुना नापास.
नेरोचं नीरशी काही नातं नाही.
नाक-डोळे सारखे, एवढंच;
बाजारात होतं तसं, आपण हाक मारतो
आणि वळतो तो भलताच कुणी.

नेरो म्हणजे आधी पाणी नव्हतंच.
ताजं. नुसतं ताजं.
पाण्याला तिथे जुना, भारदस्त शब्द होता, हुदोर,
आणि त्याच्यापुढे हे लहानसं विशेषण
झऱ्यावरून आत्ता आणलं, एवढं सांगायला.
पण खांद्यावर ओझं असताना
दर दारात दोन दोन शब्द कोण बोलेल?
नाम गळलं.
ताजं तेवढं राहिलं, आणि तेच पाणी झालं.
अठराशे वर्षांपूर्वी एक व्याकरणवाला
चिडलाही होता यावरून, असं बोलू नये म्हणून.
लोकांना तहान लागलेली होती.

आपण तरी टपरीवर चहा कुठे मागतो?
दोन कटिंग, म्हणतो. पोऱ्याला कळतं.

मग आपलं पाणी काढलं बाटलीतून.
तेही विशेषणच निघालं.
पानीय: पिण्याजोगं.
पिण्याजोगं काय, ते मागेच कुठेतरी सांडलं.
उदक होतं तिथे, ते सरकत सरकत
भटजींच्या पळीत जाऊन बसलं,
आता कशावर तरी सोडण्यापुरतं.
आणि हे उदक, ते हुदोर,
हे मात्र खरेच एका रक्ताचे.
म्हणजे बाबांचा हिशेब बरोबर होता,
फक्त बार्ज भलत्याच जहाजाला लावला होता.

हे सगळं त्यांना सांगायला मी घाईने घरी गेले.
सांगायचं राहिलंच.
फेब्रुवारीतल्या झटक्यापासून
बाबांची नामं जातायत.
चष्म्याला ते ‘बघायचं’ म्हणतात,
मला ‘ही’,
आणि बंदराकडे नुसता हात करतात.

पहाटे साडेपाचला नळ येतो.
मी उठून हंड्याखालची चुंबळ नीट करत होते,
तर मागून आवाज:
“प्यायचं.”
मी थबकले.
“प्यायचं दे.”
एवढी शतकं लागली होती ज्याला,
ते त्यांनी खाटेवर बसल्या बसल्या केलं.

कालच्या कळशीतला पेला भरून पुढे धरला.
ओठाला लावला त्यांनी, आणि बाजूला सारला.
आयुष्यभर ज्यांनी शिळं पाणी
कुणाच्या टाकीत ओतलं नाही
त्यांना ते कळायचंच.
कपाळाला आठ्या घालून शब्द शोधत राहिले,
नळाकडे बघत,
नळ नुकताच खाकरून वाहायला लागला होता.

“हे नको,” म्हणाले.
“आत्ताचं.”

मी पेला मोरीत उपडा केला,
विसळला,
धारेखाली धरला.
हातावर गार शिंतोडे उडत होते.
“नेरो,” मी म्हटलं, हळूच, पेला देताना.
ते हसले की नुसते प्यायले,
अंधार होता, सांगता येणार नाही.